उपऱ्यांचं वतन: दुःखात ख्रिस्ती माणूस आशा ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो?

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींचा मुलगा मे महिन्यात गेला. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येत होता, ट्रकने उडवलं. दफनविधी दुपारी चारला होता. नागपूरचा मे, चपलेच्या तळव्यातून चटका लागत होता आणि कबरीशेजारी उपसून ठेवलेली माती हातात धरवत नव्हती. मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा मावशींची मूठ उघडेना. शेवटी त्यांच्या जावेने एकेक बोट धरून सोडवलं.

पुढच्या आठवड्यात घरी जे जे आले ते काही ना काही सांगून गेले. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. देवाची इच्छा, बाई. कुठेतरी कमी पडलं असेल, प्रार्थना वाढवा. आणि सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: आशा सोडू नका. एका संध्याकाळी मावशी मला म्हणाल्या, "बाळा, सगळे म्हणून राहिले आशा ठेव, आशा ठेव. आता कशाची ठेवू? तो तर गेला न."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही, आणि बोलण्याची ती वेळही नव्हती. पण प्रश्न मनात राहिला. 'आशा' आणि 'पवित्र जीवन' हे शब्द आपण दर रविवारी ऐकतो, आणि ऐकून ऐकून त्यांचा अर्थ विचारायचं राहून जातं. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही वाटत असतं की ही माणसं मरणाच्या दारातही गाणी म्हणतात ती नेमकी कशाच्या जोरावर. म्हणून हा लेख.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, या दोन शब्दांची गाठ सर्वांत घट्ट बसलेली दिसते ती येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात. पाच अध्याय, १०५ वचनं. सावकाश वाचलं तरी अर्ध्या तासात संपतं. पहिल्याच वचनात पत्ता आहे: पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथे पांगलेले लोक. हे रोमन साम्राज्याचे प्रांत, आजच्या तुर्कस्तानात. शेवटी लिहिणारा आपण बाबेलात असल्याचं सांगतो. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ रोम असा घेतात. पत्र पेत्राने आयुष्याच्या अखेरीस लिहिलं असं परंपरा सांगते, तर काही अभ्यासकांना ते त्याच्या पश्चात त्याच्या नावाने लिहिलं गेलं असं वाटतं. त्या वादात इथे शिरत नाही. आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.

या लोकांना त्रास कसला होता हे मात्र नीट पाहायला हवं. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आखाडे आणि सिंह येतात. या पत्रात सिंह एकदाच येतो, आणि तो सैतानाची उपमा म्हणून. बाकी सगळा त्रास ओळखीचा आहे: टोमणे, निंदा, खोटे आळ. चौथ्या अध्यायात पेत्र म्हणतो की पूर्वी तुम्ही त्यांच्या दारूच्या बैठकांना जायचात, आता जात नाही, याचं त्यांना नवल वाटतं आणि ते तुमची निंदा करतात. म्हणजे गल्लीतला, नात्यातला, बाजारातला त्रास. एखाद्या घरात एकानेच वेगळी वाट धरली तर त्याला आणि घरच्यांना काय सोसावं लागतं हे मराठी ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही गोष्ट आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाप्तिस्म्यानंतर ते आणि लक्ष्मीबाई काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिले, हे मात्र गोष्ट सांगताना घाईने उरकलं जातं. त्या वर्षांत दोघांनीही जे सोसलं ते पेत्राच्या वाचकांना लगेच समजलं असतं.

उपरी आणि वतनदार

मराठी बायबलमध्ये या वाचकांना 'प्रवासी व परदेशवासी' म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दांपैकी एक आहे 'पारोईकोस': गावात राहणारा, पण गावाचा नसलेला. त्याला घर असतं, धंदा असतो, पण नागरिकाचे हक्क नसतात. आपल्याकडे याच्या अगदी जवळ जाणारा जुना शब्द आहे, उपरी. पेशवाईच्या काळातल्या कागदांत शेतकऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याचा मान. उपरी तीच काळी माती कसायचा, तितकाच घाम गाळायचा, पण हक्काने नव्हे. मुदत संपली की गाठोडं उचलायचं.

अशा उपऱ्यांना पेत्र पहिल्याच अध्यायात सांगतो की तुमच्यासाठी एक वतन राखून ठेवलंय. मराठी बायबलमध्ये शब्द वतन हाच आहे. नाश न होणारं, न मळणारं, न कोमेजणारं वतन. या शब्दाचं वजन मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पाटीलकीच्या वतनासाठी भावाभावांत खून पडलेत. आणि दुसरी बाजूही आहे. याच शब्दाने काही लोकांना पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवलं. महार वतनात हक्क थोडा आणि राबणं अमाप, म्हणून १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात त्या कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक मांडलं. दीक्षाभूमीच्या शहरात बसून 'वतन' लिहिताना ही बाजू विसरून चालत नाही. पेत्राचं वतन कुणाच्या पाठीवर उभं नाही. ते जातीने किंवा जन्माने मिळत नाही. तो म्हणतो, नव्या जन्माने मिळतं. आणि ते ज्यांना मिळतं त्यांत गुलामही आहेत, ज्यांना रोमन कायद्याने वारसा ही गोष्टच नव्हती.

वतनाला सनद लागते. पेत्राच्या मते ती सनद म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं. तिसऱ्याच वचनात तो ते सांगून टाकतो: येशूच्या पुनरुत्थानामुळे आपल्याला जिवंत आशा मिळाली.

सगळ्या लेखात एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. आपली रोजची आशा पुढे पाहून अंदाज बांधते. ढग आलेत, पाऊस येईल. रिपोर्ट बरे आलेत, आजार हटेल. अंदाज चुकला की आशा संपली. ख्रिस्ती आशेचा पाया मात्र मागे आहे, एका घडून गेलेल्या गोष्टीत. त्यामुळे उद्याच्या रिपोर्टवर ती टिकून नसते. अर्थात ती गोष्ट घडलीच नाही असं ज्याला वाटतं त्याला ही आशा पोकळ वाटेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. ख्रिस्ती माणसाने आपलं सगळं एका ठिकाणी लावलेलं असतं, आणि ते कुठे लावलंय हे तो लपवत नाही.

मग मावशींच्या प्रश्नाला उत्तर काय? तो बरा होईल ही आशा संपली. ती अजून आहे असं म्हणणं खोटं झालं असतं. राहते ती ही आशा, की मरणाचा शब्द शेवटचा नाही, आणि त्यांचा मुलगा ज्याच्या हाती आहे त्याने स्वतः कबरीत तीन दिवस काढलेत. हे उत्तर रडणं थांबवत नाही. थांबवायलाही नको. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाणी आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' हा प्रश्न येतो: देवा, कोठवर मला विसरशील? मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या मरणावर रडला. पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहितो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. आपण घाईत त्याचा अर्थ 'खेद करू नका' असा करून टाकतो आणि सांत्वनाला गेलेल्या घरात विधवेला डोळे पुसायला सांगतो. हे थांबलं पाहिजे. आशा असलेला माणूसही रडतो, फक्त त्याच्या रडण्याला ऐकणारा कुणी आहे असं तो मानतो.

इब्री लोकांस पत्रात या आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. लहानपणी रविवारच्या शाळेत हे वचन पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे काटोलकडच्या शेतातला बैलांचा नांगर यायचा. समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजाचाही नांगर असतो आणि तो वादळात तळाशी जाऊन धरून ठेवतो हे बऱ्याच उशिरा कळलं. पण बैलांच्या नांगराचं चित्रही मला अजून टाकवत नाही. दोन्ही नांगर खाली जातात, दिसेनासे होतात, आणि काम तिथेच करतात.

मुशीतलं सोनं

इतवारीच्या सराफा बाजारात आतल्या बोळांत सोनं आटवणाऱ्यांच्या खोल्या आहेत. एकदा एका ओळखीच्या कारागिरापाशी तासभर बसलो होतो. त्याने मोडीतल्या दोन जुन्या बांगड्यांचे तुकडे मुशीत टाकले, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि गॅसची ज्योत धरली. सोनं १०६४ अंशांवर वितळतं. आधी तुकडे लाल झाले, मग कडा ढासळल्या, मग सगळं एकदम एका थेंबात गोळा झालं. वर काळपट मळाची साय आली. त्याने ती बाजूला केल्यावर खाली जे दिसलं ते हलत्या आरशासारखं होतं. तो पूर्ण वेळ नजर न काढता बसला होता. "इथून उठलं की गेलं काम," एवढंच म्हणाला.

पेत्र पहिल्या अध्यायाच्या सातव्या वचनात हेच चित्र वापरतो. सोनं नाशवंत, तरी त्याचा अग्नीत कस लावतात. तुमचा विश्वास त्याहून मोलाचा. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. सोनार सोनं मुशीत घालतो, म्हणून देवाने ट्रक पाठवला, असा हिशेब या वचनातून निघत नाही. देवाच्या इच्छेने सोसावं लागलं तर, असं पेत्र म्हणतो खरं. पण तिथे तो चांगलं केल्याबद्दल सोसाव्या लागणाऱ्या दुःखाविषयी बोलतोय. अपघाताला, कर्करोगाला, बुडालेल्या पिकाला ते वचन डकवायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. देव मुशीपासून उठून जात नाही, इतकंच मला त्यातून कळतं, आणि माझ्यापुरतं ते खूप आहे.

शिवाय आगीबद्दल बोलणारा हा माणूस कोण आहे तेही पाहावं. येशूला पकडलं त्या रात्री पेत्र मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता. एका दासीने साधा प्रश्न विचारला, तू त्याच्याबरोबरचा ना? तीनदा विचारणा झाली, तीनदा त्याने नाही म्हटलं. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव आणखी एकदाच येतो. पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी, येशूने त्यावर मासे भाजले आणि पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सदा तयार असा, पण सौम्यतेने' हे वाचताना मला ते अंगण आठवतं. विचारल्यावर जो कोसळला होता तोच हे सांगतोय.

दुःख म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूत येशूने स्वतः दोनदा मोडली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा अधिक पापी होती असं समजता का, असं त्याने विचारलं आणि उत्तरही दिलं: नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, असं विचारलं, तिथेही नाही. तरीही आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचं पाप शोधणारे आपल्यात आहेत. विश्वास ठेवला की पैसा येतो, आजार पळतो, असं स्टेजवरून सांगणारेही आहेत. त्यांना पेत्राचं पत्र नीट वाचता येणार नाही, कारण ते सुरूच होतं नाना प्रकारच्या परीक्षांत असलेल्या लोकांपासून.

तिसरी चूक जास्त घातक, म्हणून तिच्यापाशी थांबतो. पेत्र गुलामांना कठोर धन्याचंही सोसा असं सांगतो आणि लगेच बायकांना नवऱ्याच्या अधीन राहायला सांगतो. ही वचनं दाखवून मार खाणाऱ्या बाईला घरी परत पाठवलेलं मी पाहिलंय. ते चुकीचं होतं. पेत्र ज्यांना लिहीत होता त्यांना दाद मागायला दारच नव्हतं. गुलाम धन्याविरुद्ध कुठे जाणार? जिथे दार होतं तिथे प्रेषितांनी ते ठोठावलंय. फिलिप्पैत पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकारी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आपल्याकडे २००५ पासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. त्याचा आधार घेणारी बाई आपली आशा गमावत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये नवरा गेला. एवढं झाल्यावर माणूस कोपऱ्यात बसला तर त्याला कुणी नावं ठेवणार नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आपल्या मध्य प्रांतात पडला तेव्हा रमाबाई इकडे आल्या आणि उपाशी मरणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या शेकडो मुली-विधवांना घेऊन गेल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. दुष्काळात पायी फिरलेली ही बाई होती. त्या मुलींच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचता येत होतं. आणि सगळा वेळ मराठी बायबलचं भाषांतर चालू होतं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. १९२२ मध्ये स्वतः जाण्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं.

सोवळं नव्हे

आता पावित्र्य. 'पवित्र' म्हटलं की मराठी मनात सोवळं येतं: शिवू नका, दूर राहा, आधी अंघोळ. पेत्र 'मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा' हे वाक्य जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातून उचलतो. त्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय याच वाक्याने सुरू होतो, आणि पुढे काय येतं ते पाहण्यासारखं आहे. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू खरा, वजनं खरी. उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात उपरे होता. देवाला पवित्र म्हणून जे हवंय त्यातलं किती तरी कॉटन मार्केटच्या काट्यावर आणि मजुरांच्या ठिय्यावर ठरतं. दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाला 'उद्या ये' सांगणं हा या हिशेबाने पावित्र्याचा भंग आहे. आणि येशू कुष्ठरोग्याला बरं करायच्या आधी त्याला हात लावतो, तेव्हा 'शिवू नका'चा उरलासुरला अर्थही संपतो.

आशा आणि पावित्र्य यांची गाठ कुठे आहे तेही आता दिसेल. ज्याला वाटतं की जे मिळायचं ते इथेच, आत्ताच, ओरबाडूनच मिळेल, त्याला खरं वजन परवडत नाही. शिवीला शिवी दिल्याशिवाय त्याचं चालत नाही. ज्याचं वतन राखून ठेवलंय त्याला थोडं हरता येतं. पेत्र सरळ म्हणतो, वाइटाबद्दल वाईट करू नका, उलट आशीर्वाद द्या, कारण आशीर्वादाचं वतन मिळायलाच तुम्हाला बोलावलंय. आणि तो मखलाशी करू देत नाही. तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर, किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून दुःख भोगू नये, असं चौथ्या अध्यायात लिहितो. आपल्याच वागण्याने ओढवलेल्या भांडणाला छळ म्हणायची सोय त्याने ठेवलेली नाही.

हे खरंच कुणी जगलं का? त्याच भागातला एक पुरावा आहे, आणि तो बाहेरच्या माणसाचा आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंतचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं. चौकशीत त्याला कळलं ते असं: ठरल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत आळीपाळीने म्हणतात, आणि शपथ घेतात. कटाची शपथ नव्हे. चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणी ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. खात्री करायला त्याने दोन दासींचा छळ करून जबाब घेतला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. त्या दोघींची नावं त्याने लिहिली नाहीत. पेत्राच्या पत्राच्या पहिल्या वचनात ज्या प्रांतांचं नाव आहे तिथलेच हे लोक.

'पवित्र व्हा' ही आज्ञा अनेकवचनी आहे हेही नमूद करतो. एकट्याने पेलायची ती नाहीच. याच पत्रात पेत्र विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंडे म्हणतो, ज्यांचं मिळून एक घर रचलं जातं. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली, त्याचा अभिमान आम्हा नागपूरकरांना आहेच. पण धोंडे रचले जातात ते जास्त करून डब्यांनी. मावशींच्या घरी चाळीस दिवस मंडळीतल्या बायकांनी पाळीपाळीने डबा पोचवला. वहीत नावं लिहून घेतली होती, सोमवार कुणाचा, मंगळवार कुणाचा. कुणीतरी लाईटचं बिल भरून टाकलं, कुणी ते अजूनही कळू दिलेलं नाही. त्या दिवसांत मावशींना प्रार्थना सुचत नव्हती. इतरांनी त्यांच्या वतीने केली.

मग नुकसानभरपाईचा दावा आला. अपघात दाव्यात मरणाऱ्याचं उत्पन्न किती होतं यावर रक्कम बरीच अवलंबून असते. मुलाला महिन्याला चौदा हजार मिळायचे. नात्यातल्या एकाने पंचवीस हजारांची पगाराची स्लिप तयार करून आणायची तयारी दाखवली. सगळेच करतात, मामी, त्यात काय. मावशींची परिस्थिती अशी की फरकाच्या रकमेत घराचं छप्पर झालं असतं. त्यांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी वकिलांना म्हणाल्या, "जे होतं तेच लिहा साहेब. पण ते पूर्ण लिहा, एक रुपया कमी नका लिहू." दावा त्या अजून लढतायत. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन प्रत्येक तारखेला हजर असतात. खोटं त्यांनी लिहिलं नाही, आणि हक्काचं त्यांनी सोडलंही नाही. पावित्र्य या विषयावर मी बरीच प्रवचनं ऐकलीत. मला तो शब्द त्या दोन वाक्यांत कळला.

सगळ्या 'का' ची उत्तरं मिळतात असं मात्र कुणी समजू नये. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढल्या, इथल्या खडकांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची लोहयुगातली शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. ४५ वर्षांचे. का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं, पण तेही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पेत्रही उत्तर देत नाही. पाचव्या अध्यायात तो एवढंच म्हणतो की आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.

यंदाच्या ईस्टरला नेहमीप्रमाणे पहाटे दफनभूमीत जमलो. अंधार होता, प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या लागत होत्या. मावशींनी पाण्याच्या बाटलीने दगड धुतला, पदराने पुसला, झेंडूची फुलं मांडली. वाऱ्याने मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटवून त्या तिच्याभोवती तळहात धरून बसल्या. तिकडे गाणं सुरू झालं, पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." आम्ही म्हणालो, "खरोखर उठला आहे." मावशीही म्हणाल्या, हात तसाच ठेवून. उजाडल्यावर मी त्यांना घरी सोडतो म्हटलं तर म्हणाल्या, "घरी नको बाळा, आधी बाजारात सोड. गुरुवारी त्या कोपऱ्यावरच्या घरी माणूस गेलं न. आज डब्याची पाळी माझी आहे."